शिक्षकांची विश्रांती: सुरुवात कुठून करायची, गाडी कुठे अडते, आणि "मे मध्ये बघू" का चालत नाही

दर जूनमध्ये आमच्या गोव्यातल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हेच ऐकते. यंदा नाही हं, यंदा मी स्वतःकडे बघणार, सकाळी चालायला जाणार, रात्री दहाला झोपणार. मग पहिली घटक चाचणी येते, पेपरांचा गठ्ठा घरी येतो आणि चालायला म्हणून घेतलेले बूट दाराच्या मागे तसेच राहतात, पावसात त्यांना बुरशी पण धरते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, विचारलं तर म्हणतात दिवाळीत बघू, दिवाळीत विचारलं तर मे मध्ये.

मी पण बरीच वर्षं हेच केलं. नंतर लक्षात आलं की आळस वगैरे काही नाही, आपला क्रमच चुकतोय. आपण आराम आधी भरायला जातो, म्हणजे योगा, चालणं, दुपारची झोप, आणि काम मात्र आहे तेवढंच ठेवतो. काठोकाठ भरलेल्या डब्यात वरून अजून भात दाबल्यासारखं होतं ते, झाकण लागणार कसं? आधी काम कमी करायचं, मग झोप बसवायची, मग बाकीचं. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधला टप्पा गाळून पुढे उडी मारू नका, मी मारली होती आणि दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

सुरू करण्याआधीची तयारी

सामान फार लागत नाही. मागची पानं कोरी असलेली एक जुनी वही (शिक्षकाच्या घरात अशा पन्नास निघतील), शाळेचं टाइमटेबल आणि वर्षाच्या सुट्ट्यांची यादी. मोबाइलवरचं अ‍ॅप नको, वेळ लिहायला म्हणून फोन हातात घ्याल आणि अर्धा तास रील्स बघत बसाल.

आणखी एक तयारी, जी सगळे विसरतात. घरातल्या निदान एका माणसाला आधी सांगून ठेवायचं. मी पहिल्यांदा दुपारी वीस मिनिटं आडवी व्हायला लागले तेव्हा सासूबाईंना वाटलं मला ताप आलाय, दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेल्या आणि तिसऱ्यांदा काढा घेऊन आल्या. शेजारीण तर दारातूनच म्हणते, "टीचर, तुमचें बरें आसा, देड वरार घरा!" तिला कोण सांगणार की शाळा दीडला सुटली तरी वाळपईहून फोंड्याला पोचेपर्यंत पावणेतीन होतात. बाहेरच्यांना समजावत बसू नका पण घरात मात्र स्पष्ट सांगा, मी अमुक ते अमुक वेळ पडणार आहे, आजारी नाही, हाक मारू नका.

सुरू कधी करायचं? शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा टाइमटेबलच तीनदा बदलतं. परीक्षेत नको, गॅदरिंगच्या महिन्यात तर अजिबात नको. चवथीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली की, नाहीतर नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत. दोन्ही वेळा बऱ्या पडतात.

टप्पा १: सात दिवस तास मोजा

सोमवार ते रविवार. वहीत चार रकाने आखा: वर्गात शिकवणं, शाळेत पण वर्गाबाहेर, घरी पण शाळेचं, आणि प्रवास. दिवसातून तीन वेळा लिहायचं, शाळेतून निघताना, संध्याकाळी आणि झोपताना. रात्री एकदाच लिहायला बसलात की सगळं अंदाजपंचे होतं आणि अंदाज नेहमी कमीच निघतो.

माझा पहिल्यांदा मोजलेला आठवडा सांगते. शनिवारची अर्धी शाळा धरून शाळेचे ३४ तास, रेमेडिअल क्लास आणि मीटिंग मिळून ६, घरी तपासणी ९, पालकांचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप ५, ऑनलाइन एंट्र्या आणि रिपोर्ट ४. एकूण ५८. प्रवासाचे १२ तास वेगळे. मला वाटत होतं पंचेचाळीस-सत्तेचाळीस असतील.

पंचेचाळीस हा आकडा मी हवेतून नाही काढला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास दिलेत, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. हे शेवटचं नीट वाचा. म्हणजे पाठटाचण काढणं, उद्याच्या प्रयोगाचं सामान जमवणं हे कायद्याच्या हिशेबातसुद्धा काम आहे, "घरी बसून जरा केलं" असं नाही.

सावध: ४५ हा किमान आकडा आहे, कमाल नाही. तो घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये भांडायला जाऊ नका, हसं होईल. तो तुमच्या स्वतःच्या मोजणीसाठी खूण म्हणून वापरा.

हमखास होणारी चूक म्हणजे फोन न मोजणं. भाजी चिरताना पालकाशी बारा मिनिटं बोललात, तर बारा मिनिटं लिहा. ते कामच आहे.

तपासा: सात दिवसांतले सहा दिवस तरी भरलेत का? नसतील तर पुढचा आठवडा परत मोजा. अर्धवट आकड्यांवर पुढचा टप्पा करायचा नाही.

टप्पा २: नेमकं काय थकलंय ते बघा

"खूप दमले" हे पुरेसं नाही. घसा दमला असेल तर झोप काढून तो बरा होत नाही, डोकं दमलं असेल तर पाय वर करून पडून उपयोग नाही. त्याच वहीत रोज संध्याकाळी एक शब्द लिहा: घसा, पाय, डोकं, झोप किंवा मन. आठवड्याच्या शेवटी कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोजा. बस, एवढंच.

माझ्या वहीत सातपैकी चार दिवस "घसा" होता आणि मी मात्र विश्रांती म्हणून रविवारी बहिणीशी दीड तास फोनवर गप्पा मारत होते.

मनाबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट हा कामातून येणारा प्रकार म्हणून नोंदवला, आजार म्हणून नाही. त्याच्या तीन खुणा सांगितल्यात: अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण शिक्षकात लवकर दिसते, मुलगा प्रश्न विचारतो आणि आपल्याला तो प्रश्न ऐकूच येत नाही, फक्त "अजून एक" एवढंच वाटतं. तसं आठवड्यातून तीन-चार वेळा होत असेल तर टप्पा ८ आधी वाचून घ्या.

टप्पा ३: काम कापा

हा सगळ्यात मोठा टप्पा, दोन-तीन आठवडे लागतात. आणि हाच लोक गाळतात, कारण आपल्याला वाटतं की माझं काम कमी होणं शक्यच नाही. सगळं नाही होत. पण मोजणीच्या वहीत बघून "घरी पण शाळेचं" या रकान्यातला निम्मा भाग हलवता येतो, मी तपासणीपासून सुरू केलं.

वह्यांची तपासणी. एका वर्गात ४२ मुलं, तीन तुकड्या, म्हणजे १२६ वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी सव्वासहा तासांच्या वर जातं. हे सगळं एका शनिवार-रविवारी करायला बसायचं म्हणजे रविवार गेलाच. त्याऐवजी रोज फक्त दहा वह्या, रोल नंबरप्रमाणे, ऑफ पिरियडला, शाळेतच. दहा वह्यांना अर्धा तास, पस्तीस मिनिटांच्या पिरियडमध्ये बसतं. तेरा दिवसांत तिन्ही तुकड्या होतात, मग परत पहिल्यापासून. मुलांना सांगून ठेवायचं, त्या दिवशी ज्या दहा जणांची वही आहे त्यांनीच ती टेबलावर ठेवायची, बाकीच्यांनी नाही. गठ्ठाच दिसला नाही की घरी न्यायचा मोह पण होत नाही.

शेरे लिहिण्यात पण वेळ जातो. दर वर्षी त्याच पाच-सहा चुका असतात, एकक लिहिलं नाही, आकृतीला नावं नाहीत, पायरी गाळली. त्यांना मी १ ते ६ आकडे दिलेत, वर्गात भिंतीवर यादी लावली आहे, वहीत फक्त आकडा घालते आणि चूक काय ते मूल स्वतः शोधून दुरुस्त करतं. खरं सांगायचं तर लांब शेरे मुलं वाचत पण नव्हती.

परीक्षेचे पेपर मात्र वेगळे. ते एकेक पूर्ण पेपर असे तपासू नका. आधी सगळ्यांचा प्रश्न एक, मग सगळ्यांचा प्रश्न दोन. डोक्यात एकच उत्तर ठेवायचं असतं म्हणून हात पटापट चालतो, आणि गुण पण सगळ्यांना एका मापाने पडतात, तिसाव्या पेपरला चिडून कमी आणि पहिल्याला खुशीत जास्त असं होत नाही.

फोन. जूनच्या पहिल्या पालक सभेतच सांगून टाकायचं, संध्याकाळी सहा ते सात फोन घेईन, रात्री आठनंतरचा मेसेज सकाळी बघेन, अडीअडचणीला थेट कॉल करा. पहिले पंधरा दिवस लोक विसरतात, नंतर सवय होते. एक आई रात्री साडेदहाला "उद्या पांढरा युनिफॉर्म की निळा" विचारायची, मी तीन दिवस सकाळी सहाला उत्तर दिलं, चौथ्या दिवशी तिने मुलाला डायरी बघायला लावली.

सावध: "सकाळी बघेन" म्हणून सांगितलं आणि रात्री नऊला उत्तर दिलं की संपलं, तो नियम परत लावता येत नाही.

एंट्र्या आणि रिपोर्ट. रोज थोडं थोडं करायला गेलं की लॉगिन करण्यातच वेळ जातो, साइट चालत नाही, ओटीपी येत नाही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एकाच बैठकीत, शाळेच्या कॉम्प्युटरवर. घरून करायचं नाही.

जादा ड्युट्या. इथे आपण दोन टोकांना जातो, एक तर सगळ्याला हो म्हणतो नाहीतर एकदम फणकारतो. मी एक वाक्य पाठ केलंय: "सर, हे घेते, मग सध्याच्या कामातलं कुठलं दुसऱ्याला देऊ?" आवाज चढवायचा नाही, खरंच विचारायचं. बहुतेक वेळा काहीतरी हलतं, निदान तारीख तरी पुढे जाते. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही, अपवाद तीन, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. म्हणजे बीएलओचं (मतदार याद्यांचं) किंवा जनगणनेचं काम आलं तर ते टळणार नाही, ते धरूनच आखा. पण एखाद्या कार्यक्रमाला खुर्च्या भरायला पाठवतात ते त्यात बसत नाही, हे माहीत असलेलं बरं.

तपासा: तीन आठवड्यांनी परत फक्त तीन दिवस मोजा. "घरी पण शाळेचं" हा रकाना निदान एक तृतीयांश उतरला का? माझे आठवड्याच्या हिशेबाने १८ चे (९, ५ आणि ४) ११ झाले. उतरला नसेल तर इथेच थांबा, पुढे जाऊन फायदा नाही.

टप्पा ४: आता झोप बसवा

काम कमी झालं की जो वेळ निघतो तो पहिल्यांदा झोपेला द्यायचा. चालायला नाही, शिवणकामाला नाही, वेबसिरीजला तर नाहीच.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास लागतात. उलटं मोजा. मी सव्वापाचला उठते कारण साडेसहाची बस, म्हणजे सव्वादहाला डोळे मिटलेले हवेत, म्हणजे पावणेदहाला अंथरुणावर, म्हणजे नऊपर्यंत स्वयंपाकघर आवरलेलं. आणि ते नऊपर्यंत आवरायचं तर भांडी एकटीने घासून भागत नाही. हा टप्पा बायकांचा इथेच फसतो, झोपेचं टाइमटेबल एकटीचं आणि घर सगळ्यांचं. आमच्याकडे रात्रीची भांडी आता नवरा घासतो, कढई थोडी चिकट राहते, मी बघून न बघितल्यासारखं करते.

उठायची वेळ रोज एकच. रविवारी फार तर एक तास उशिरा. नऊ-दहापर्यंत लोळलात की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पहिल्याच पिरियडला डोळे चुरचुरतात.

आता दुपार. आपल्या गोव्यात वामकुक्षीला कोणी नावं ठेवत नाही, दुपारी एक ते चार म्हापशापासून मडगावपर्यंत अर्धी दुकानं बंद असतात. पण शिक्षकांचं गणित इथेच बिघडतं. तीनला घरी येऊन शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) पोटभर खायचं, पंखा लावून पडायचं आणि साडेपाचला उठायचं, डोकं जड, तोंड कडू, आणि रात्री बारापर्यंत टक्क जागं. वीस मिनिटांचीच झोप घ्या. त्याहून जास्त गेलं की झोप खोल होते आणि मधेच उठलं की सुस्ती जात नाही. गजर लावा, फोन हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा, आणि चार वाजून गेले असतील तर त्या दिवशी झोपूच नका, सरळ तोंड धुवून कामाला लागा. वीस मिनिटांत झोप लागली नाही तरी चालेल, डोळे मिटून पडलं तरी पुष्कळ.

चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात आहेच. शेवटचा चहा चारला. हे मला सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला सांगू.

सावध: झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून गोळी आणू नका, मैत्रिणीची तर नकोच.

तपासा: दहा दिवसांत निदान सात दिवस गजराच्या थोडं आधी किंवा गजरासरशी जाग येते का? येत असेल तर पुढे चला.

टप्पा ५: शाळेच्या आतली विश्रांती

घसा आधी. सहा पिरियड बोलणं ही मेहनत आहे, आणि पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस बडवत असेल तर आपण पावसाशी ओरडून पैज लावतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आठवीच्या वर्गात परावर्तन शिकवता शिकवता माझा आवाज मधेच गेला, तोंड उघडं आणि आवाज नाही. डस्टर आरसा, खडू किरण, असं करून खुणांनी उरलेला तास काढला. मुलांना एवढी मजा आली की तो धडा त्या तुकडीला सगळ्यात चांगला आला.

तेव्हापासून हे पाळते:

पाऊस जोराचा आला की बोलणं बंद, मुलांना गणित नाहीतर आकृती काढायला द्यायची. पाऊस ओसरला की पुढे.

सलग तीन पिरियड बोलायचे आले तर मधल्या पिरियडमध्ये दहा मिनिटं मुलांनी वाचायचं, मी गप्प.

घोट घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता. बरेच शिक्षक टॉयलेटला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, घसा पण जातो आणि लघवीची जळजळ सुरू होते ती वेगळी. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांशी ठरवून ठेवा, तुम्ही पाच मिनिटं माझा वर्ग बघा, मी तुमचा बघते.

घसा खाकरायचा नाही, गिळायचं किंवा पाण्याचा घोट घ्यायचा. आणि बसलेल्या आवाजात कुजबुजायचं पण नाही! घसा बसला की सगळे कुजबुजत बोलतात, बऱ्याच जणांच्या घशाला त्याने उलट ताणच पडतो. हळू पण साध्या आवाजात बोला, नाहीतर बोलूच नका.

पायांचं थोडक्यात. उभं राहायचं तर एका जागी खिळून नको, वर्गात फिरा, टाचा वरखाली करा, आणि तपासणी बसूनच करा. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसायला लागल्या तर दुर्लक्ष नको.

ऑफ पिरियड दिवसातून दोन मिळाले तर एक वह्यांना आणि एक कशालाच नाही. प्रॉक्सी लागली, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जावं लागलं, तर वह्यांचा पिरियड जाऊ दे, रिकामा शक्य तो वाचवा. स्टाफरूममध्ये बसून विश्रांती होत नाही हे पण सांगते, तिथे सातव्या वेतन आयोगापासून कोणाच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळं चालू असतं. मी लायब्ररीच्या मागच्या खिडकीशी बसते, तिथून काजूची झाडं दिसतात आणि मागे कोणी फिरकत नाही.

टप्पा ६: आठवड्यातला मोकळा दिवस

तो पूर्ण दिवस नसला तरी चालेल, पण सलग निदान सहा तास हवेत, तुकड्यातुकड्यांनी नकोत. बहुतेकांना रविवार सकाळ ते दुपार सोयीची.

इथली खरी गोम पिशवीत आहे. माझी एक कापडी पिशवी होती, शनिवारी वह्यांनी भरून घरी यायची, रविवारभर टीव्हीच्या शेजारी बसून माझ्याकडे बघायची आणि सोमवारी तशीच न उघडता बसमधून परत जायची. तपासणी झाली नाही आणि आराम पण झाला नाही, दोन्हीकडून गेलं. जे काम नक्की करणार नाही ते घरी आणायचंच नाही. जे करणारच आहात त्याला वेळ ठरवा, शनिवारी चार ते सहा, आणि सहाला पिशवीची गाठ मारून दाराशी ठेवा.

रविवारी बाजार, मासळी, पाहुणे, कोणाचं बारसं हे सगळं येणारच. त्याला विश्रांती म्हणू नका, ते घरचं काम आहे. त्यातून उरलेला वेळ विश्रांतीला, असं केलंत तर काही उरत नाही, म्हणून सहा तास आधी बाजूला काढायचे आणि मग बाजार.

त्या सहा तासांत काय करायचं ते टप्पा २ मधल्या तुमच्या शब्दाप्रमाणे ठरवा. घसा आला असेल तर कमीत कमी बोलायचं, डोकं आलं असेल तर हातांनी करायचं काहीतरी, परसातली भाजी, कपाट आवरणं, काहीही ज्यात निर्णय घ्यावे लागत नाहीत. मन आलं असेल तर शाळेशी संबंध नसलेल्या एका तरी माणसाला भेटा. रील्स यात कुठेच बसत नाहीत, दोन तास बघून उठताना हलकं वाटलंय असं निदान माझं तरी कधी झालं नाही.

तपासा: रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो का? सहा तास खरोखर मोकळे गेले तर दोन-तीन आठवड्यांत तो कमी व्हायला लागतो.

टप्पा ७: सुट्ट्यांची आखणी

"तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या" हे ऐकून ऐकून आपल्याला पण खरं वाटायला लागतं. चवथ, दिवाळी, नाताळ, मे, यादी मोठी दिसते. पण चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधण्यापासून मोदक-नेवऱ्यांपर्यंत सगळं घर पायावर उभं असतं, ती सुट्टी विश्रांतीत धरूच नका. परीक्षेचे पेपर बरोबर या सुट्टीच्या तोंडावर येतात, मी एकदा माटोळीखाली बसून दहावीचे पेपर तपासलेत, वरून एक कांगल (टांगलेलं रानफळ) पेपरावर पडलं आणि डाग आला.

दिवाळीच्या सुट्टीत नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्री झोप मिळत नाही, ते दोन-तीन दिवस सोडून द्या. बाकी दिवस तीन भागांत करा. पहिले तीन-चार दिवस काहीच ठरवायचं नाही, नुसतं झोपून उठायचं. या दिवसांत बऱ्याच शिक्षकांना सर्दी-ताप येतो, इतके दिवस अंग ओढत आणलेलं असतं, म्हणून पहिल्याच दिवशी ट्रिपची तिकिटं काढू नका. मधले दिवस मजेचे, गावाला जा, फिरा. पेपर असतील तर याच मधल्या भागात, दोन ठरलेल्या सकाळी. शेवटचे दोन दिवस परत झोपेची वेळ शाळेच्या वेळेवर आणायला.

मे महिना आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, म्हणजे जुन्या वर्षाचे निकाल आणि नव्या वर्षाची सुरुवात एकमेकांना चिकटून. ज्यांचा सगळा भरवसा मे वर होता त्यांचं गणित इथे कोलमडलं. म्हणून तर मे ची वाट बघण्यापेक्षा टप्पा ३ आणि ४ आधी.

सावध: सुट्टीत बोलावणं आलं, ट्रेनिंग लागलं, तर तारखांचा लेखी आदेश मागून घ्या आणि जपून ठेवा. सुट्टीच्या बदल्यात रजा मिळते का, किती मिळते ते ऑफिसमधल्या हेडक्लार्कना त्याच आठवड्यात विचारा, वर्षाने विचारलं तर कागद सापडत नाही.

टप्पा ८: पंधरा दिवसांनी एकदा बघायचं, आणि कधी डॉक्टर

दर पंधरा दिवसांनी, त्याच वहीत, तीन प्रश्न. घरी शाळेचे तास किती? सात तास झोप किती रात्री झाली? मोकळे सहा तास मिळाले का? आकडे लिहायचे, निबंध नाही.

काही गोष्टी विश्रांतीने जात नाहीत. आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला तर घशाच्या डॉक्टरला दाखवाच, बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) सोय आहे, हळद-दूध पीत बसू नका. झोप पुरेशी होऊनही दिवसभर पेंग येते, घोरणं मोठं आहे, छातीत धडधडतं, वजन कारण नसताना उतरतंय किंवा चढतंय, तर रक्त तपासून घ्या. थायरॉइड किंवा रक्त कमी असणं या साध्या गोष्टी पण निघतात आणि आपण वर्षभर शाळेला दोष देत असतो.

आणि मनाचं असेल, म्हणजे दोन आठवडे सलग उदास, रडू येतंय, कशातच रस नाही, नाहीतर जगणंच नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला, वही वगैरे बाजूला ठेवा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत.

आजारपणाची रजा घ्यायला लाजू नका. डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर अर्धपगारी रजेचं रूपांतर करून पूर्ण पगारी रजा घेता येते, खात्यातून मात्र दुप्पट दिवस कापले जातात, म्हणून आधी खात्यात किती शिल्लक आहे ते बघून घ्या. अंगावर ताप काढून वर्गात उभं राहिल्याबद्दल कुठल्याच सर्व्हिस बुकात नोंद होत नाही.

घडी विस्कटली तर

विस्कटणारच. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा, मग दहावी, मधे बीएलओ, जनगणना, घरात कोणी आजारी. अशा वेळी पहिल्यापासून सगळं सुरू करायचं नाही, मोजणी तर अजिबात नको. त्या दिवसांत फक्त दोन गोष्टी धरून ठेवा, उठायची वेळ आणि पाण्याची बाटली. बाकीचं सुटलं तर सुटू दे. गडबड ओसरली की टप्पा ३ पासून परत, आधी वह्या शाळेत ठेवायला लागायचं. मी या जानेवारीत तिसऱ्यांदा तिथूनच सुरू केलं. कापडी पिशवीत आता कांदे-बटाटे असतात.